कोकणच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात कासवांचं काम काय चालतं, आणि मे महिन्यात यावं का

तुम्ही विचारलंय की मे महिन्यात शाळांना सुट्टी लागली की मुलांना घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास किंवा आंजर्ल्याला आलं तर कासवाची पिल्लं दिसतील का, चार-पाच दिवस राहून कामात मदत करता येईल का, आणि मुळात अंडी उचलून हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या कुंपण घातलेल्या उबवणी केंद्रात, का नेतात, मादीने घातली तिथेच का राहू देत नाहीत. शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे, त्यावर सविस्तर लिहिते, पण आधी सुट्टीचं सांगून टाकते म्हणजे तुमचं बुकिंग अडकायला नको.

मे महिन्याचा भरवसा देता येत नाही. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी आपल्याकडे साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालायला वर येते, एखादी एप्रिलच्या सुरुवातीलाही येते. अंडी उबायला ४५ ते ६० दिवस लागतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत घातलेली अंडी जास्त दिवस घेतात आणि मार्चमधली तापलेल्या वाळूत पटकन तयार होतात, त्यामुळे पिल्लांची खरी गर्दी असते ती फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. मे मध्ये उरतात ती शेवटची थोडी घरटी. एका संध्याकाळी एका घरट्यातून ऐंशी-नव्वद पिल्लं निघतील आणि पुढचे चार दिवस काहीच नाही, असं होतं. ओडिशात गहिरमाथा किंवा ऋषिकुल्याला हजारो माद्या एकाच वेळी वर येतात तसा प्रकार आपल्याकडे नाही, आपल्याकडे एकेकटी मादी येते, आज वेळासला तर परवा केळशीला, म्हणून पिल्लंही एकेका घरट्याची निघतात. पिल्लं बघायचीच असतील तर मार्चचा शेवटचा आठवडा पकडा आणि निघायच्या आदल्या दिवशी गावात फोन करून कुठलं घरटं भरत आलंय, म्हणजे पिल्लं निघायच्या बेतात आहेत, ते विचारा. गावातली माणसं खरं सांगतात, उगाच बोलावून घेत नाहीत.

आता हॅचरीचं.

२००२ च्या आसपास चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाच्या समुद्र गरुडांचा सर्व्हे करत होती, भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी, आणि त्या फिरण्यात त्यांना वेळासच्या पुळणीवर कासवाच्या अंड्यांची टरफलं सापडली. चौकशी केल्यावर कळलं की मादी वर आली की तिच्या मागावरून घरटं शोधायचं, अंडी काढायची, खायची किंवा विकायची हे वर्षानुवर्षं चालत आलेलं होतं. जे माणसांच्या हातून सुटेल ते कोल्हे आणि कुत्रे उकरायचे. म्हणजे वाळूत ठेवलेलं घरटं वाचायची शक्यताच जवळजवळ नव्हती. अशा वेळी अंडी उचलून कुंपणाच्या आत पुरणं एवढाच उपाय हातात होता, आणि त्यांनी तो गावातल्याच लोकांना बरोबर घेऊन केला, वनविभाग बरोबर आला, जे लोक माग काढून अंडी काढायचे त्यांच्यातलेच काही जण माग काढून अंडी वाचवायला लागले. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, घरोघरी पाहुणे राहायला लागले आणि कासव वाचलं तर गावाला चार पैसे मिळतात हे सगळ्यांना दिसलं. आता रायगडात हरिहरेश्वर, दिवेआगर, रत्नागिरीत केळशी, आंजर्ले, मुरुड, कोळथरे, गुहागर, गावखडी, माडबन, सिंधुदुर्गात तांबळडेग, वायंगणी, शिरोडा अशी ही साखळी पसरलीय, वनविभाग आणि त्याचा खारफुटी-किनारा बघणारा कांदळवन कक्ष त्यात आहेत आणि बऱ्याच गावांत कासवमित्र, म्हणजे घरटी शोधून राखणारी गावातलीच माणसं, नेमलेले आहेत.

हे सगळं चांगलंच झालं. पण मी मनापासून सांगते, हॅचरी हा दुय्यम उपाय आहे. जिथे घरटं जागेवर सुरक्षित राहू शकतं तिथे ते जागेवरच राहिलं पाहिजे, आणि हॅचरी करावी लागली तर ती किती नीट करतो त्याची खरी परीक्षा एप्रिल-मेच्या उन्हात होते.

कारण समजून घ्या. मादी मागच्या पायांनी साधारण दीड फूट खोल खड्डा करते, तोंडाशी अरुंद आणि खाली फुगीर, मडक्यासारखा. त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि मग सगळं अंग डावीकडे उजवीकडे आपटून वरची वाळू घट्ट करते, ते ज्याने एकदा ऐकलंय तो विसरत नाही, अंधारात धप धप आवाज येतो. तासाभरात ती परत पाण्यात जाते आणि पुन्हा त्या घरट्याकडे कधीच येत नाही. पुढचं सगळं वाळू करते. वाळूतली ऊब, ओल आणि हवा. अंडं कवचातून श्वास घेतं, त्यामुळे वाळू दाबली गेली किंवा पाणी साचलं तरी आतला जीव गुदमरतो.

अंडी हलवायची तर पहिल्या काही तासांतच हलवावी लागतात. नंतर आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो आणि मग अंडं जरा जरी फिरलं तरी तो तुटून मरतो. म्हणूनच कासवमित्र पहाटे अंधारात किनारा चालतात. रिडलेचा माग साधारण पाऊण मीटर रुंद असतो, डावा-उजवा पाय आळीपाळीने टाकल्यासारखा, येतानाचा एक आणि जातानाचा एक, मध्ये उकरलेली जागा. त्या उकरलेल्या जागेत नेमकं मडकं कुठे आहे ते पातळ काठीने अलगद चाचपडून शोधतात, आणि ही कला खरंच हाताची आहे, नवख्या माणसाने काठी घातली तर अंडी फुटतात. मग एकेक अंडं न फिरवता, वरची बाजू वरच ठेवून, खाली थोडी घरट्यातलीच वाळू घालून बादलीत घ्यायचं, हॅचरीत तेवढाच खोल तसाच खड्डा हाताने करायचा, आणि पुन्हा त्याच क्रमाने ठेवायचं. वर पाटी, तारीख, अंड्यांची संख्या, कुठल्या भागात सापडलं ते, आणि पिल्लं निघायचा अंदाजे दिवस.

इथपर्यंत बहुतेक ठिकाणी काम छान होतं. अडचण पुढे येते. कासवाच्या अंड्यात नर की मादी हे अंडं घालतानाच ठरलेलं नसतं, ते वाळूच्या तापमानावर ठरतं, उबण्याच्या मधल्या काळात. साधारण २९-३० अंशाच्या आसपास दोन्ही निघतात, त्याच्या वर गेलं की माद्या वाढत जातात, खाली गेलं की नर. आणि ३४-३५ च्या वर बराच काळ राहिलं तर अंडी मरायलाच लागतात. खुल्या किनाऱ्यावर घरटी विखुरलेली असतात, एक मर्यादवेलीच्या, म्हणजे वाळूवर पसरणाऱ्या वेलीच्या, कडेला थोड्या सावलीत, एक भरतीच्या रेषेजवळ ओलसर जागी, एक अगदी उघड्यावर, त्यामुळे वेगवेगळं तापमान मिळतं आणि नर-मादी दोन्ही निघत राहतात. हॅचरीत आपण वीस-पंचवीस घरटी एकाच चौकोनात, एकाच उन्हात आणून ठेवतो. तो चौकोन तापला तर सगळी घरटी एकदम तापतात. हे धोक्याचं आहे आणि आपण याबद्दल कमी बोलतो, कारण पिल्लं तर निघताना दिसतात, फोटो येतात, सगळ्यांना वाटतं काम झालं, पण निघालेली सगळी पिल्लं माद्याच होती का हे वरून बघून कुणालाच कळत नाही.

म्हणून उन्हाळ्यातलं मुख्य काम आहे सावलीचं. मार्च उजाडला की हॅचरीवर हिरवी नेट किंवा नारळाच्या झावळ्या चढवाव्या लागतात, पण सगळीकडे सारखी गच्च नाही, काही रांगांवर दाट, काही रांगांवर विरळ, म्हणजे थोडा तरी फरक राहतो. घरट्याच्या खोलीवर, वर नाही, एखादा साधा थर्मामीटर किंवा नोंद ठेवणारा लॉगर पुरून रोजची नोंद घ्यायची. वरची वाळू पाय पोळवते म्हणून घाबरून वरून बादल्याच्या बादल्या पाणी ओतायचं नाही, अंडी गुदमरतील, फार तर वरचा थर हलका शिंपडायचा आणि तेही नोंदी बघून. दोन घरट्यांत तीन फूट तरी अंतर हवं, कारण पिल्लं वाढताना त्यांच्या अंगाचीही ऊब तयार होते आणि दाटीवाटीत ती शेजारच्या घरट्यापर्यंत पोचते. आणि दरवर्षी जागा बदलायची, जुन्या वाळूत फुटक्या अंड्यांची घाण, बुरशी, अळ्या राहतात. गेल्या वर्षीचं कुंपण तयार आहे म्हणून तिथेच परत, हा मोह सगळीकडे होतो आणि तो टाळायलाच हवा.

तुम्ही एप्रिल-मेमध्ये आलात आणि हॅचरीवर सावली नसेल तर न लाजता विचारा. बाहेरून आलेल्या माणसाने विचारलं की वनरक्षकालाही वरिष्ठांकडे नेट मागायला जोर येतो, हे मी बघितलंय.

आता पिल्लं सोडायचं. अंड्यातून बाहेर आलं की पिल्लू लगेच वर येत नाही, दोन-तीन दिवस सगळी मिळून वाळू खाली सारत सारत वर सरकतात, आणि वरची वाळू थंड झाल्याशिवाय बाहेर पडत नाहीत, म्हणूनच निसर्गात बहुतेक पिल्लं रात्री निघतात. घरटं भरत आलं की त्यावर बांबूची टोपली झाकतात, आणि ती दिवसातून दोनदाच नाही तर रात्रीही बघायला हवी. रात्री दोन वाजता निघालेली पिल्लं सकाळी सातला पाहुण्यांना दाखवायची म्हणून टोपलीखाली ठेवू नयेत. हे माझं ठाम मत आहे. पिल्लाच्या पोटात उरलेला बलक हीच त्याची शिदोरी असते, पहिल्या दिवसात किनाऱ्यापासून लांब पोचायला त्याला सतत पोहत राहावं लागतं, आणि पाच तास टोपलीत धडपडण्यात ती शिदोरी संपते. पाण्याच्या टबात ठेवणं तर त्याहून वाईट. पाहुण्यांना त्या सकाळी पिल्लं दिसली नाहीत तर नाही दिसली, त्यांना रात्रीचं सांगा, टरफलं दाखवा, समजून घेतात लोक.

सोडताना पाण्यापासून काही मीटर अलीकडे वाळूवर सोडायचं, पाण्यात नाही, ते चालणं पिल्लाला लागतं. दोरीच्या मागे उभं राहायचं, हात लावायचा नाही, फ्लॅश आणि टॉर्च बंद. पिल्लू उजेडाकडे जातं, रात्री समुद्राच्या बाजूचं क्षितिज झाडांच्या काळोखापेक्षा उजळ असतं म्हणून ते बरोबर पाण्याकडे वळतं, पण मागे हॉटेलचा हॅलोजन असेल तर ते उलटं हॉटेलकडे जातं. आणि मुलांना आधी सांगून ठेवा की पिल्लांच्या वाटेवर चालायचं नाही, पिल्लू जेमतेम चार सेंटिमीटरचं असतं, आपल्या टाचेच्या खड्ड्यात ते अडकतं, उलटं पडतं, आणि तेवढ्यात कावळा किंवा ब्राह्मणी घार उचलून नेते. घारीने न्यावं की नाही हा वेगळा प्रश्न, तिचीही पिल्लं असतात, पण आपल्या पायाने तिला ताट वाढून द्यायची गरज नाही.

गाडीच्या चाकांच्या चाकोऱ्या तर याच्या दहापट. सुट्टीत पुळणीवर गाड्या पळवायची जी हौस वाढलीय ती बघून जीव तुटतो. एक जड गाडी भरतीच्या रेषेवरून गेली की खालची वाळू दाबली जाते, न सापडलेलं एखादं घरटं तिथे असेल तर आत शंभर पिल्लं मरतात आणि कुणाला कळतही नाही. घोडागाड्या, एटीव्ही म्हणजे वाळूवर पळवायच्या चारचाकी बाइक, रात्रीचे फटाके, लग्नाचे शूट, सगळं त्याच पट्ट्यात. तुमच्या ओळखीत कुणी असं करत असेल तर त्यांना सांगा. लोक मुद्दाम करत नाहीत, खाली काय आहे हे त्यांना माहीत नसतं.

जागेवर घरटं राखायचं म्हणजे काय ते थोडक्यात. मादीने घातलेलं घरटं उधाणाच्या रेषेच्या वर असेल, त्या भागात कुत्रे-कोल्हे कमी असतील आणि गावाचं लक्ष असेल, तर अंडी न हलवता वर जाळीचा पिंजरा ठोकून चारी बाजूंनी जाळी वाळूत फूटभर गाडायची, म्हणजे उकरता येत नाही, आणि जाळीचे डोळे पिल्लू आरामात बाहेर पडेल एवढे मोठे ठेवायचे. यात माणसं जास्त लागतात कारण घरटी लांब लांब असतात, एका कुंपणावर लक्ष ठेवणं सोपं आणि पाच किलोमीटरवर विखुरलेल्या पिंजऱ्यांवर ठेवणं अवघड. म्हणूनच अजून हॅचरी चालते. पण दरवर्षी दोन-चार घरटी तरी अशी जागेवर ठेवून त्यांचा निकाल हॅचरीशी ताडून बघावा असं मला वाटतं, नाहीतर आपण काय गमावतोय ते कळणार कसं.

आणि किनाराच शिल्लक नसेल तर दोन्ही निरुपयोगी. जिथे जिथे दगडी धूपबंधारा बांधला तिथे मादी वर येऊन दगडाला आपटून परत जाते. सुरूची झाडं वाऱ्याला आडोसा म्हणून लावली, ती गावाच्या बाजूला ठीक आहेत, पण अगदी भरतीच्या रेषेपर्यंत लावली की मुळांच्या जाळ्यात मादीला खड्डा करता येत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-हरिहरेश्वरच्या पट्ट्यात शिरलं तेव्हा आसपासच्या गावांत सुरूची झाडं अक्षरशः आडवी झाली, आणि परत लावताना पुढचा पट्टा मर्यादवेलीला मोकळा सोडावा एवढंच आमचं म्हणणं असतं. ती वेल वाळू धरून ठेवते आणि मादीला अडवतही नाही.

तुमच्या मदतीच्या प्रश्नाकडे येते. रात्रीच्या गस्तीला बाहेरच्या माणसांना सहसा नेत नाहीत आणि ते बरोबरच आहे, वर येत असलेली मादी एका टॉर्चने परत फिरते. मे मध्ये जे काम खरंच हवं असतं ते वेगळं आहे. एक म्हणजे रिकामी झालेली घरटी उकरून मोजणी, किती टरफलं, किती न फळलेली, किती अर्धवट वाढून मेलेली, हे घाणेरडं काम आहे, वास येतो, पण पुढच्या वर्षीची सावली कुठे वाढवायची हे यातूनच कळतं. न फळलेली अंडी फोडून आतला गर्भ कुठल्या टप्प्यावर मेला ते बघता आलं तर फारच उत्तम, उशिराच्या टप्प्यावरची मर जास्त असेल तर पहिला संशय उन्हाचा घ्यायचा. दुसरं, वह्यांमधल्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवणं, कासवमित्रांच्या वह्या सोन्यासारख्या असतात आणि पावसाळ्यात भिजून जातात. तुम्ही एक्सेल जाणत असाल तर चार दिवसांत एका गावाचा अख्खा सीझन चढवून द्याल. तिसरं, किनाऱ्यावर आलेली तुटकी जाळी गोळा करणं. मे च्या शेवटी वारे फिरतात आणि समुद्र सगळं बाहेर टाकायला लागतो, त्यात नायलॉनची जाळी फार असते, त्यात अडकलेलं कासव जिवंत सापडलं तर जाळी ओढायची नाही, कात्रीने कापायची आणि लगेच पाण्यातही ढकलायचं नाही, त्याचा वल्ह्यासारखा पाय दुखावलेला असतो, वनविभागाला कळवायचं.

जाळ्यांवरून आठवलं, लोकांचं सगळं लक्ष पिल्लांवर असतं पण कासवांच्या संख्येला खरा धक्का बसतो तो मोठी मादी मेली की. हजार पिल्लांतून एखादंच मोठं होतं असं ढोबळ मानाने म्हणतात, म्हणजे एक अंडी घालणारी मादी जाळ्यात गुदमरून मेली तर आपल्या अख्ख्या सीझनची मेहनत गेली म्हणा. १ जूनला मासेमारी बंद होते, त्याआधीचे मे मधले आठवडे होड्या जोरात असतात. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यायची योजना महाराष्ट्रात २०१८ पासून आहे, आणि जाळं कापून कासव सोडणारे मच्छीमार आपल्याकडे आहेत, त्यांचा फोटो पिल्लांच्या फोटोशेजारी लागला पाहिजे.

आपल्या किनाऱ्याचं महत्त्व किती ते आता टॅगिंगमुळे, म्हणजे कासवाला खूण किंवा यंत्र लावून ते कुठे जातं ते बघण्यामुळे, कळायला लागलंय. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या मादीला सॅटेलाइट टॅग लावला, तिचं नाव प्रथमा ठेवलं, पश्चिम किनाऱ्यावर रिडलेला असा टॅग पहिल्यांदाच लागला. २०२३ मध्ये गुहागरला टॅग केलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि २०२१ मध्ये ओडिशात टॅग केलेली एक मादी जानेवारी २०२४ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली. पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची कासवं अगदी वेगळी असं जे आपण धरून चाललो होतो ते आता तसं राहिलेलं नाही.

मे मध्ये आलात तर कासवाशिवायही बघायला खूप आहे, निराश होऊ नका. कुरव पक्षी एव्हाना उत्तरेला गेलेले असतात, पण सुरूच्या किंवा मोठ्या आंब्याच्या शेंड्यावर समुद्र गरुडाचं काटक्यांचं मोठं घरटं गावातलं कुणीही दाखवेल, त्या वर्षीचं पिल्लू उडायला लागलेलं असतं आणि जवळपास घोटाळत असतं. मोकळ्या माळावर टिटवीची अंडी दगडांत बेमालूम मिसळलेली असतात, ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली की आपण मागे फिरायचं. सकाळी ओहोटीला खाडीच्या तोंडाशी बसलात तर डॉल्फिन दिसतात.

राहायला गावातल्या घरीच राहा, कासवाचं काम त्याच पैशावर उभं आहे. आणि परत जाताना कुठल्याही किनाऱ्यावर, अगदी मुंबईजवळ सुद्धा, वाळूत तो आळीपाळीचा रुंद माग दिसला किंवा कासव अडकलेलं दिसलं, तर माग पुसू नका, वर काठी घालून बघू नका, वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा आणि माणूस येईपर्यंत कुत्र्यांना लांब ठेवा.